जुनी यंत्रं उघडून विकताना कुठं थांबायचं? बेळगाव भागातून नेहमी येणारे प्रश्न

वडगाव-खासबागातले बंद पडलेले माग, उद्यमबागेतली म्हातारी हायड्रॉलिक मशिनं, मळ्यावरचे पंप, दुकानातले इन्व्हर्टर असं सगळं आमच्या मोडीच्या शेडवर येतं. निम्मं येण्याआधी फोन येतो आणि फोनवरचे प्रश्न ठरलेले असतात. तीच उत्तरं दहादा देण्यापेक्षा एकदा लिहून ठेवली. खाली जिथं रुपये आणि मिनिटं आहेत ती हिशेब समजावण्यापुरती धरलेली आहेत. भंगाराचा दर सकाळी एक असतो, संध्याकाळी एक. आपला आजचा दर घालून गणित परत करा.

अख्खं यंत्र काट्यावर घालून विकलं तर काय बिघडतं? कशाला एवढी खटपट?

वडगावचे एक मागवाले मामा मला म्हणाले होते, "सगळं वजनावर इकलो, एका दिवसात मोकळा झालो. तुम्ही बसा पाने घेऊन." ते चुकले असं मी म्हणणार नाही. त्यांना जागा रिकामी करून भाड्यानं द्यायची होती. महिनाभर अडलेली जागा हाही खर्चच.

मात्र काट्यावर सगळं एकाच दरानं जातं. बीड (ओतीव लोखंड), पोलाद, गनमेटल (तांबं-कथलाचं मिश्रण), तांबं, चालू मोटर आणि लाकडी धोटा एका भावात. घेणारा त्यातलं महाग काय आहे ते ओळखून असतो, म्हणून तर तो दुपारच्या उन्हात टेम्पो घेऊन येतो. मधला फरक त्याला द्यायचा की आपण ठेवायचा एवढाच प्रश्न. सगळा फरक आपल्याला मिळणार नाही, कारण तो काढायला माणूस, वेळ आणि हत्यार लागतं.

खोलण्याचं "प्लॅनिंग" म्हणजे नेमकं काय? आमचा मिस्त्री डोळे झाकून मशीन खोलतो.

मिस्त्रीला खोलायचं कसं ते माहीत असतं. थांबायचं कुठं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. चांगला मिस्त्री तर शेवटचा वॉशर निघेपर्यंत थांबतच नाही, त्याला ते कमीपणाचं वाटतं.

प्लॅनिंगमध्ये तीन गोष्टी ठरतात. कुठला भाग काढायचा, कुठल्या क्रमानं, आणि कुठल्या पायरीला हात झटकून उरलेलं तसंच काट्यावर घालायचं. यातली तिसरी पैसे ठरवते. आमच्याकडं झालेलं जवळजवळ सगळं नुकसान हे एक पायरी जास्त उघडल्यामुळं झालेलं आहे. कमी उघडून नुकसान झाल्याचं फारसं आठवत नाही.

माणसाच्या वेळेचा भाव कसा लावायचा?

मिनिटावर. दिवसाची हजेरी ७०० रुपये धरा. शेडचं भाडं, वीज, ग्राइंडरची चाकं, गॅस यांचा माणसामागं रोजचा वाटा २०० धरा. झाले ९००. आता माणूस आठ तास येतो, पण चहा, जेवण, माल उतरवणं, पाना शोधणं आणि लाइट गेलेली वेळ वजा करा. खरं काम सहा तास, म्हणजे ३६० मिनिटं. ९०० भागिले ३६०, मिनिटाला अडीच रुपये.

हा आकडा खडूनं शेडच्या भिंतीवर लिहून ठेवा. आमच्याकडं लिहिलाय. पोरं सुरुवातीला हसली. मग एक दिवस एकानं गंजलेला बोल्ट अर्धवट सोडून विचारलं, "अण्णा, ह्याच्यावर पंच्याहत्तर रुपये गेले, अजून घालू का?" त्या दिवसापासून मला शेडमध्ये उभं राहावं लागत नाही.

एखादं उदाहरण पूर्ण करून दाखवाल का?

दाखवतो. साधा जुना यंत्रमाग घेऊ. वजन ५५० किलो, मिसळ भंगाराचा दर ३० रुपये किलो. अख्खा दिला तर १६,५००. आता पायरी-पायरीनं बघू आणि प्रत्येक पायरीला एकच विचारू: ही पायरी केल्यानं जास्तीचं किती मिळतं, आणि जास्तीचं किती जातं?

पहिली पायरी, मोटर. चार बोल्ट आणि पट्टा. काढायला १५ मिनिटं, चालवून बघायला १०. पंचवीस मिनिटांचे साडेबासष्ट रुपये. मोटर १८ किलोची, वजनावर ५४० आले असते. चालू मोटर म्हणून १,८०० ला जाते. म्हणजे १,२६० जास्त. विचारायचं कामच नाही.

दुसरी पायरी, सुटे भाग. धोटे, धोट्याला टोला देणारे पिकर, फणी, कापड गुंडाळणाऱ्या टेकअपची छोटी चक्रं. चाळीस मिनिटं, १०० रुपये. इचलकरंजीत जुने माग अजून चालू ठेवणारे लोक आहेत, त्यांना हे लागतं. ९०० मिळाले धरा. वजनात याचे पन्नास-साठही आले नसते. करा.

तिसरी पायरी, गनमेटलचे बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या कड्या. काही मागांना ते असतात, काहींत शाफ्ट नुसत्या बिडाच्या ब्रॅकेटात फिरतो. आधी कानस मारून बघा, पिवळसर दिसलं तरच पुढं. क्रँक शाफ्ट आणि खालचा शाफ्ट दोन्ही काढावे लागतात, दोन माणसं दीड तास, म्हणजे १८० मिनिटं, ४५० रुपये. तीन किलो बुश, ४५० चा दर, १,३५० रुपये. वजनात ९० आले असते. जास्तीचे १,२६०, खर्च वजा जाता ८१० राहतात. ठीक. पण हाच माग दोन पावसाळे गळक्या पत्र्याखाली उभा असेल तर बोल्ट सुटत नाहीत आणि १८० ची ४०० मिनिटं होतात. मग खर्च हजार, उरतात २६०. तेवढ्यासाठी दोन माणसं अडकवायची का, हे त्या दिवशी दुसरं काय काम पडलंय त्यावर.

चौथी पायरी, शाफ्टवरची बिडाची चक्रं पुलर (ओढून काढायचं हत्यार) लावून काढायची, म्हणजे बीड वेगळं आणि पोलाद वेगळं. शंभर मिनिटं, २५० रुपये. साठ किलो बीड मोकळं झालं आणि मिसळीपेक्षा किलोमागं तीन रुपये जास्त मिळाले तर १८० रुपये. सत्तर रुपयांचा तोटा. इथं थांबायचं.

थांबायचं म्हणजे पुलर ठेवून द्यायचा. बीड ठिसूळ असतं. तेच चक्र शाफ्टवरच ठेवून घणानं फोडलं तर वीस मिनिटांत, पन्नास रुपयांत काम होतं आणि १३० सुटतात. चक्राला सुटा भाग म्हणून गिऱ्हाईक असेल तर अर्थात घण नको. मोडून काढायचं की जपून काढायचं हा निर्णय असा भागागणिक वेगळा असतो. फोडताना गॉगल घाला, बिडाची कपची सुरीसारखी उडते.

माग १६,५०० ला घेतला होता. तेवढे वसूल होईपर्यंत उघडत राहायला नको का?

नको. दिलेले पैसे गेले. घ्यायचा की नाही हे ठरवताना ते मोजायचे. घेतल्यावर प्रत्येक पायरी स्वतःच्या पायावर उभी राहते का तेवढंच बघायचं. महाग घेतलेला माल जास्त उघडून स्वस्त होत नाही.

एखादी पायरी तोट्याची, पण तिच्यामागं चांगला माल दडलेला असेल तर?

मग दोन्ही पायऱ्या मिळून एक धरा. मागाच्या दोन बाजूंना जोडणारी आडवी पट्टी काढून काहीच मिळत नाही, पण ती निघाल्याशिवाय शाफ्ट बाहेर येत नाही. पट्टीचा वेळ बुशच्या खात्यात लिहायचा. पुष्कळ जण इथंच फसतात: बुशचे पैसे दिसतात, बुशपर्यंत पोचायचा वेळ "किरकोळ" म्हणून सोडून देतात.

उलटही होतं. पट्टी, शाफ्ट आणि आणखी दोन भाग एकाच वाटेवर असतील तर वाटेचा खर्च सगळ्यांत वाटला जातो आणि एकट्यानं न परवडणारा भाग परवडून जातो.

क्रम ठरवायला काही सोपी रीत?

पाठकोरा कागद घ्या. प्रत्येक भागाला एक गोल. "हा निघाल्याशिवाय तो निघत नाही" असं असेल तर पहिल्याकडून दुसऱ्याकडं बाण. झाला नकाशा. ज्या गोलाकडं एकही बाण येत नाही ते भाग आत्ता, लगेच काढता येतात. कधी "हा किंवा तो, कुठलाही एक निघाला तरी चालतं" असंही येतं. तिथं बाणाशेजारी "किंवा" लिहा, नाहीतर नंतर विसरायला होतं.

मग किमती लिहा. गोलात मिळणारे रुपये, बाजूला मिनिटं. त्यानंतर दोन गोष्टी जपायच्या. धोक्याचं आधी: तेल, गॅस, बॅटरी, ताणलेली स्प्रिंग. आणि एकाच पान्यानं, एकाच बाजूनं जे निघतं ते एका दमात. यंत्र उलटं करायला क्रेन किंवा चार माणसं लागतात, म्हणून ते एकदाच उलटं झालं पाहिजे. आमच्याकडं एक हायड्रॉलिक प्रेस एका दिवसात तीनदा उलटा-सुलटा झाला, तेव्हापासून कागदावर "इथं उलटवा" असं मोठ्या अक्षरात लिहितो.

एका जातीची यंत्रं साठवून एकदम घ्या. पहिल्याला दीड तास लागला तर सहाव्याला तासभरही लागत नाही. कुठला बोल्ट कुठं लपलाय ते हाताला कळलेलं असतं.

गंजलेला बोल्ट किती वेळ झटायचं?

आमचा नियम पाच मिनिटांचा. रात्रभर रॉकेल-तेल घालून ठेवणं यात धरत नाही, झोपेत मजुरी लागत नाही. सकाळी पाच मिनिटांत सुटला नाही तर ग्राइंडर. नट कापा, बोल्ट कापा, पुढं चला. भाग विकायचा असेल तर भागाला इजा न होता बोल्ट कापायचा, एवढंच.

दोन गोष्टी मात्र आधी बघा. आटा उलटा आहे का? फिरणाऱ्या शाफ्टच्या टोकाचे नट बऱ्याचदा उलट्या आट्याचे असतात आणि जोर लावून लावून आपण ते आवळत बसतो. दुसरं, गॅस कटर बिडावर चालवू नका. पोलाद कापलं जातं, बीड नाही. त्यातलं ग्रॅफाइट आडवं येतं, आणि वर जो ऑक्साइड तयार होतो तो बिडाहूनही जास्त तापमानाला वितळतो. नुसता गॅस जळतो.

मोटर अख्खी विकायची की फोडून तांबं काढायचं?

आधी चालते का बघा. चालत असेल तर प्रश्न मिटला.

जळलेली असेल तर फोडण्याआधी वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, कशाचं ते बघा. हे सांगायला मला लाज वाटते, कारण एका लॉटमध्ये आठ मोटरी मी भराभर फोडायला लावल्या. तिसऱ्या मोटरीला पोरगा म्हणाला, "अण्णा, हे हलकं लागतंय." रिवाइंडिंग करताना कुणीतरी ॲल्युमिनियम भरलं होतं. वार्निशच्या रंगामुळं ॲल्युमिनियमची तारही वरून तांब्यासारखीच दिसते. आता टोकाच्या तारेवर ब्लेडनं एक ओरखडा मारल्याशिवाय मोटर टेबलावर चढत नाही. आत लालसर निघालं तर तांबं, पांढरं निघालं तर ॲल्युमिनियम.

गणित असं. चार किलोची मोटर, तांब्याची म्हणून अख्खी दिली तर ६० च्या दरानं २४०. फोडली तर ६०० ग्रॅम तांबं ६५० च्या दरानं ३९०, तीन किलो पत्ती (आतले पातळ लोखंडी पत्रे) ३० च्या दरानं ९०, बाकी किरकोळ ३६. एकूण ५१६. वीस मिनिटांचे ५० वजा जाता ४६६. फोडा. तीच ॲल्युमिनियमची असेल तर अख्खी ३५ च्या दरानं १४०. फोडून मिळतात १३२, वर मजुरी पन्नास. नका फोडू. घेणाऱ्याला मात्र आत ॲल्युमिनियम आहे हे सांगून विका. बेळगाव लहान गाव आहे, तोच माणूस पुढच्या आठवड्यात शनिवार खुटावर भेटतो.

वायर जाळून तांबं पटकन निघतं, मग सोलत का बसायचं?

जाळू नका. वायरीवरचं पीव्हीसी प्लास्टिक जळताना निघणारा धूर विषारी असतो, त्यात डायॉक्सिनं असतात, आणि उघड्यावर जाळणं कायद्यानं गुन्हा आहे. वर जळकं तांबं काळं पडून खालच्या दरात जातं. जाड केबल सोला. बारीक वायर सोलणं मिनिटाला अडीच रुपयांत बसत नाही, ती तशीच वायर म्हणून विका.

फाउंड्रीवाले आमचं बीड परत का पाठवतात? लोखंडच आहे की.

या भागात सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न हाच, आणि याचं उत्तर नीट समजलं तर निम्मं प्लॅनिंग आपोआप होतं. बेळगावात आणि पलीकडं कोल्हापुरात फाउंड्री, म्हणजे ओतकामाचे कारखाने, आहेत म्हणून आपल्याला बिडाला दारात गिऱ्हाईक आहे. पण फाउंड्री वजन घेत नाही, रसायन घेते.

शिसं हा त्यांचा पहिला शत्रू. जुन्या यंत्रांच्या बेअरिंगमध्ये व्हाइट मेटल ओतलेलं असतं, कथील, शिसं आणि अँटिमनीचं मिश्रण. हजारात एक भागाहूनही कितीतरी कमी शिसं वितळलेल्या रसात मिसळलं तरी बिडातल्या ग्रॅफाइटची ठेवण बिघडते आणि ओतकाम कमजोर होतं. बाहेरून काही दिसत नाही. मशिनिंगला गेल्यावर किंवा गिऱ्हाइकाकडं तुटल्यावर कळतं, आणि मग फाउंड्रीवाला तुमचं नाव लक्षात ठेवतो. म्हणून व्हाइट मेटल खरवडून काढणं ही पायरी त्याच्या स्वतःच्या किमतीवर मोजू नका. ती बाकीचं पाचशे किलो बीड विकण्याजोगं ठेवते, त्या खात्यात धरा.

जस्ताचा मुलामा असलेला पत्रा बिडात टाकला तर भट्टीतून पांढरा धूर आणि अस्तराचं नुकसान. तांब्याची तार अडकलेलं लोखंड पोलाद बनवणाऱ्याला नको असतं, कारण वितळल्यावर तांबं पोलादातून पुन्हा काढता येत नाही आणि गरम लाटताना त्याला भेगा पडतात.

आणि सगळ्यात गंभीर, बंद पोकळ वस्तू. दोन्ही टोकं बंद असलेला पाइपचा रोलर, शॉक ॲब्सॉर्बर, तोंड बंद केलेला सिलिंडर. आत पाणी किंवा तेल असेल तर वितळलेल्या रसात पडताच त्याची वाफ होते आणि रस बाहेर उसळतो. माणसं भाजतात. पोकळ भागाला भोक पाडणं किंवा तो कापणं याला दोन मिनिटं, पाच रुपये लागतात. हे पाच रुपये नफ्या-तोट्यात मोजायचे नाहीत. मात्र आत दाब नाही याची खात्री झाल्याशिवाय ड्रिल लावायचं नाही, शॉक ॲब्सॉर्बरमध्ये तो असतो. पावसाळ्यात भिजलेलं भंगारही याच कारणानं परत येतं. आपल्याकडं खानापूरच्या बाजूला पाऊस कसा लागतो ते सांगायला नको. बीड पत्र्याखाली ठेवा.

बीड की पोलाद ओळखता येत नसेल तर ग्राइंडर लावा. बिडाची ठिणगी आखूड आणि लालसर, साध्या पोलादाची लांब आणि उजळ.

उद्यमबागेतून हायड्रॉलिक पॉवर पॅक (तेलाच्या दाबानं प्रेससारखी मशिनं चालवणारा पंप-मोटर-टाकीचा संच) मिळालाय. त्यात उघडण्यासारखं काय?

उघडण्याआधी दाब सोडा. त्यातही ॲक्युम्युलेटर असेल तर तो बाटलीसारखा भाग वेगळा सांभाळा. त्यात नायट्रोजन दाबानं भरलेला असतो, मशीन वर्षभर बंद असलं तरी दाब राहतो. ज्याला त्याचं काम येतं त्याच्याकडूनच तो मोकळा करून घ्या. प्रेसचा वरचा भाग खाली टेकवून, ठोकळे लावून मगच पाइप सोडा.

माल म्हणाल तर पंप, मोटर, व्हॉल्व्ह आणि प्रेशर गेज यांना सुटे भाग म्हणून गिऱ्हाईक असतं, कारण गावातच हे बनवणारे आणि दुरुस्त करणारे आहेत. व्हॉल्व्हवरची पाटी पुसू नका, नंबराशिवाय तो नुसता धातूचा गोळा आहे. तोंडं लगेच प्लास्टिकच्या बुचानं बंद करा. धूळ गेली की किंमत गेली. टाकी पत्र्याच्या दरात. तेल नाल्यात ओतायचं नाही, वापरलेलं तेल घेण्याचा अधिकृत परवाना असलेल्याला द्या.

चालू भाग काढले, पण ते विकले जात नाहीत. काय चुकलं?

काढण्याआधी गिऱ्हाईक विचारलं नाही, हे चुकलं. चालू भागाचा दर भंगाराच्या तिप्पट-चौपट असतो खरा, पण तो विकला जाईल तेव्हा. रॅकवर सहा महिने पडलेली मोटर जागा खाते, पैसा अडकवते आणि शेवटी उंदीर वायर कुरतडतात. मी प्रत्येक भागावर तारीख टाकतो. चार महिन्यांत हलला नाही तर वजनावर. दर काढताना "दहातले सहाच विकले जातील" असं धरून काढा, मग तिप्पट दर तितका गोड दिसत नाही. तपासल्याशिवाय भाग चालू म्हणून देऊ नका आणि परत घ्यायची मुदत पावतीवर लिहा.

घरगुती वस्तू, टीव्ही, कॉम्प्युटर, वॉशिंग मशीन असंच खोलून विकता येईल ना?

नाही, आणि इथं आडपडदा ठेवत नाही. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांत निर्माता, उत्पादक (आपल्या नावानं माल विकणारा), नूतनीकरण करणारा आणि पुनर्चक्रण करणारा अशा चौघांची केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी लागते. २०१६ च्या नियमांत नुसतं सुटं करणाऱ्यांचा वेगळा वर्ग होता, तो आता नाही. यादीही २१ वस्तूंवरून १०६ वर गेली आहे, त्यात सोलर पॅनेलसुद्धा आलं. राज्य मंडळाची संमती वेगळी. आमची नोंदणी नूतनीकरणाची आहे. म्हणजे दुरुस्त करून परत वापरात आणायचं आणि उरलेला कचरा नोंदणी असलेल्या पुनर्चक्रण करणाऱ्याला द्यायचा. सोनं, तांबं, लोखंड आणि ॲल्युमिनियम या चार धातूंवर त्यांना उत्पादकांना विकता येणारी प्रमाणपत्रं मिळतात, म्हणून ते माल घ्यायला उत्सुक असतात.

नोंदणी नसेल तर गोळा करून तसंच द्या. बोर्डातलं सोनं आम्लात घालून काढायचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात. ते करणाऱ्याचे हात आणि विहीर दोन्ही जातात.

बॅटऱ्यांना वेगळे नियम आहेत, तेही २०२२ चेच. इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी फोडू नका, आम्ल ओतू नका, आडवी करू नका, अख्खी द्या. फुगलेली लिथियम बॅटरी भोसकली गेली तर पेटते. ती कोरड्या वाळूच्या डब्यात, बाकी मालापासून लांब.

फ्रिज?

नळी कापू नका. जुन्यात आर-१२ गॅस असतो, ओझोनचा थर खाणारा. त्यानंतरच्यांत आर-१३४ए, आणि अलीकडच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्यूटेन, जो ठिणगीला पेटतो. गॅस ओढून घ्यायचं मशीन आणि ते चालवणारा माणूस नसेल तर फ्रिज अख्खा पुढं पाठवा. कॉम्प्रेसरच्या लोभानं नळी कापणारे खूप आहेत.

प्लास्टिक वेगळं करण्यात अर्थ आहे का?

मोठे तुकडे असतील तर. तुकडा पाण्यात टाका. पीपी आणि पॉलिथिन तरंगतात, एबीएस, पॉलिस्टायरीन आणि पीव्हीसी बुडतात. स्क्रू आणि स्टिकर असलेल्या प्लास्टिकला कवडीचा भाव. पण प्रत्येक तुकड्यामागं स्क्रू काढायला मिनिटं जात असतील तर कोपरा करवतीनं कापून टाका.

माल इचलकरंजी-कोल्हापूरला द्यावा की इथंच?

दर तिकडं दोन रुपये जास्त ऐकून टेम्पो भरू नका. टेम्पोचं भाडं किलोवर वाटा. पाचशे किलो नेलेत तर दोन रुपये भाड्यातच गेले, पाच टन नेलेत तर उरतील. मागाचे सुटे भाग तिकडं, कारण इकडं माग कमी होत चाललेत. बीड इथं, कारण फाउंड्री शेजारी आहे.

कोगनोळी ओलांडली की राज्य बदलतं. बिलात आंतरराज्य जीएसटी लागतो, आणि ५०,००० रुपयांच्या वर माल असेल तर वाहतुकीचं ऑनलाइन ई-वे बिल हवं. जीएसटी नोंदणी नसलेल्याकडून धातूचं भंगार घेतलं तर १० ऑक्टोबर २०२४ पासून कर भरायची जबाबदारी नोंदणी असलेल्या घेणाऱ्यावर आहे. त्यामुळं काही व्यापारी लहान शेडवाल्याकडून घ्यायलाच नाखूश झालेत. आपल्या लोकांचं अर्ध आयुष्य कानडी अर्ज मराठीत समजून घेण्यात जातं. अर्ज कानडीत आहे म्हणून न वाचता सही करू नका, ओळखीच्या कुणाकडून तरी वाचून घ्या.

मी इंजिनिअरिंगला आहे, प्रोजेक्टसाठी हे सॉफ्टवेअरनं करता येईल का?

करता येतं. पण आधी शेडवर दोन दिवस घड्याळ घेऊन बस. दहा भाग कुठल्याही क्रमानं काढता येत असतील तर ३६,२८,८०० क्रम होतात. बाणांचा नकाशा घातला की त्यातले बहुतेक गळतात, लहान यंत्राला एक्सेल पुरतं. भाग पन्नास-साठ झाले की सगळे क्रम तपासणं शक्य नसतं, मग जेनेटिक अल्गोरिदमसारख्या शोधपद्धती वापरतात. एकाच ओळीत पाच-सहा माणसांत काम वाटायचं असेल तर तो प्रश्न आणखी अवघड, गणितात त्याला एनपी-पूर्ण म्हणतात, म्हणजे नेमकं उत्तर झटपट काढायची रीत कुणाला माहीत नाही.

पुस्तकातल्या उदाहरणात प्रत्येक बोल्टला ठरलेली वेळ असते. इथं तोच बोल्ट एका मागावर वीस सेकंद आणि दुसऱ्यावर वीस मिनिटं. सरासरी घेऊ नकोस, दोन्ही टोकं घालून बघ आणि थांबायची जागा बदलते का ते तपास. बदलत नसेल तर योजना पक्की. बदलत असेल तर मिस्त्रीला "अमुक मिनिटांत सुटला तर पुढं, नाहीतर इथंच" असा नियम दे. प्रोजेक्टमध्ये एवढं आलं तरी पुष्कळ.

आम्ही नवीन मशिनं बनवतो. उद्या ती सुटी करायला सोपी जावीत म्हणून काय करावं?

बोल्ट दोन-तीन मापांतच ठेवा. गिऱ्हाइकाच्या मशिनवर सात मापांचे पाने लागले की सर्व्हिसला गेलेला तुमचाच माणूस आधी शिव्या देतो. किमती भाग एका बाजूनं हाताला लागेल असे बसवा. चिकटवण्यापेक्षा आटा किंवा खटका बरा. प्लास्टिकवर ते कुठलं आहे त्याची खूण उठवा. दुरुस्तीला जे सोपं ते मोडीलाही सोपं, त्यामुळं यात वेगळा खर्च करावा लागतो असं मला दिसत नाही.

उरलेल्या नट-बोल्टांचं काय करता?

वजनावर. चांगले वेगळे काढायचा मोह होतो, पण एकेक नट बोल्टाला लावून बघायला जेवढी मिनिटं जातात तेवढ्यात पाकिटातले नवे येतात. एवढं सांगूनही माझ्या शेडच्या कोपऱ्यात "लागतील कधीतरी" म्हणून ठेवलेले तीन डबे आहेत. अजून लागलेले नाहीत.